वीर बाबूराव शेडमाके आणि आमचा नेटवर्कचा पेपर

चौथ्या सेमिस्टरला कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या व्हायव्हामध्ये एक्स्टर्नल सरांनी मला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे काय असे विचारले. मी आदल्या रात्री घोकलेली व्याख्या एका दमात म्हणून टाकली. ज्या एकाच भागाच्या बंद पडण्याने सगळी यंत्रणा बंद पडते तो भाग. उदाहरण विचारलं तर तेही तयार होतं, स्टार टोपोलॉजीमधला मधला हब. सर हसले आणि म्हणाले की हे सगळ्यांनीच सांगितलं आहे, पुस्तकातलं नको, आपल्या जिल्ह्यातलं एखादं सांगा. मी गप्प. चंद्रपूर जिल्हा आणि नेटवर्क यांचा काय संबंध, कोळसा आणि सिमेंट विचारा ना!

त्याचं उत्तर मला दोन आठवड्यांनी एसटीच्या खिडकीत बसून मिळालं, पण तोपर्यंत मार्क लागून गेले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रूममेटच्या गावी गेले होते. तिचं गाव अहेरीच्या पलीकडे, आतमध्ये. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिंपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल आणि त्यानंतर जंगल सुरू. आष्टी सुटली की मोबाइलच्या रेंजच्या काड्या एकेक करून पडायला लागतात. आलापल्लीला परत येतात, पुन्हा जातात. मी दर दहा मिनिटांनी मोबाइल वर धरून बघत होते आणि ती मला हसत होती. अहेरी जवळ आल्यावर तिने प्राणहितेच्या बाजूला हात केला आणि सांगितलं की तिकडे चिचगुंडी आहे, तिथे आमच्या बाबूरावांनी इंग्रजांच्या तारवाल्यांचा तळ मारला होता. मी विचारलं, कोण बाबूराव? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकीतून उडी मारावीशी वाटली. पाच वर्षं चंद्रपुरात राहणारी मुलगी आणि बाबूराव शेडमाके माहीत नाहीत! आमच्या शाळेत १८५७ म्हणजे मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ आणि झाशी. चांदा त्या धड्यात नव्हतंच.

म्हणून हा लेख. इतिहासाची विद्यार्थिनी नाही मी, पण जे वाचलं आणि ऐकलं ते माझ्या पद्धतीने सांगते.

बाबूराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरी भागातल्या किष्टापूरचा. वडील मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. जमीनदार म्हटलं की आपल्यासमोर सिनेमातला हुक्केवाला माणूस येतो. तसं काही नव्हतं. जंगलातली काही गावं, त्यांचा सारा, त्यांची भांडणं, त्यांची शिकार आणि सण, हे सगळं ज्याच्या घरी येऊन मिटायचं तो जमीनदार. लहानपण गोटुलमध्ये गेलं. घरात गोंडी, बाजारात तेलुगू आणि मराठी, आणि पुढे शिक्षणासाठी रायपूरला पाठवल्यामुळे इंग्रजीशीही ओळख. म्हणजे तेही घरच्या भाषेतून उचलून दुसऱ्याच भाषेच्या शाळेत टाकलेले. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ते फोटोतल्या पगडीवाल्या वीरापेक्षा वेगळे, आपल्यातले कुणीतरी वाटले. रायपूरहून ते परत आले आणि तरुणपणीच जमीनदारीची जबाबदारी अंगावर आली.

आता थोडं मागे जावं लागेल. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. भोसल्यांच्या काळातही या जंगलातल्या जमीनदाऱ्या आपापल्या जागी होत्या, कारण नागपूरहून इथपर्यंत रोज रोज कोण येणार? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. चांदा जिल्हा कंपनीच्या हातात आला. साहेब आले, त्यांचे कायदे आले, जंगल आणि जमीन यांच्यावर कागद आले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कुणाला न विचारता लाकूड तोडलं त्यांना आता विचारावं लागणार होतं. बाबूराव तेव्हा एकवीस वर्षांचे, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांच्या वयाचे.

नेमकी हीच ती वर्षं, जेव्हा भारतात पहिलं नेटवर्क उभं राहत होतं. हे मला फार उशिरा जुळलं. विल्यम ओशॉनेसी नावाचा एक आयरिश डॉक्टर (होय, डॉक्टर! कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा) १८३९ पासून तारेवर प्रयोग करत होता. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली. डलहौसीला ती इतकी पसंत पडली की नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता ते आग्रा काम निघालं, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं जोडून तार जनतेसाठी खुली झाली. एका डॉक्टरने केलेलं हे काम! युरोपातली बारीक तार इथे चालणार नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. माकडं लोंबकळणार, घारी बसणार, वादळं येणार. म्हणून त्याने तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. फिजिकल लेयर म्हणजे काय हे मला आता कुणी विचारलं तर मी माकडांपासून सुरुवात करीन.

आपण जे शब्द पाठ करतो ते सगळे त्या तारेत आहेत. तारघर म्हणजे नोड. दोन तारघरांमधली सळई म्हणजे लिंक. मुंबईचा संदेश कलकत्त्याला एका दमात जात नसे, कारण अंतर वाढलं की सिग्नल क्षीण होतो. मधल्या तारघरातला बाबू तो उतरवून घ्यायचा, कागदावर लिहायचा आणि पुढच्या लाइनवर पुन्हा पाठवायचा. यालाच आपण स्टोअर अँड फॉरवर्ड म्हणतो आणि राउटर आजही हेच करतो, फक्त बाबूच्या जागी चिप आली. कोणत्या खुणेला कोणतं अक्षर, कोण आधी बोलणार, मिळालं हे कसं कळवायचं, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं. तो प्रोटोकॉल. एका मिनिटात मोजकेच शब्द जायचे, म्हणजे बँडविड्थ अगदी कमी, पण घोडेस्वाराला जिथे कित्येक दिवस लागायचे तिथे काही तासांत निरोप पोचायचा, म्हणजे लेटन्सीसुद्धा कमी. परीक्षेत या दोघांत हमखास गोंधळ होतो. बँडविड्थ म्हणजे एका वेळी किती जातं, लेटन्सी म्हणजे जायला किती वेळ लागतो. ट्रक भरून पत्रं पाठवली तर बँडविड्थ भरपूर, पण लेटन्सी दोन दिवस.

हे राज्य चालवायला काय कामाचं होतं ते १८५७ मध्ये कळलं. ११ मेला दिल्लीत उठाव झाला तेव्हा तिथल्या तारघरातून अंबाल्याला खबर गेली, तिथून पंजाबात, आणि १३ मेला लाहोरच्या शिपायांची हत्यारं काढून घेतली गेली, त्यांना दिल्लीचं नीट कळायच्या आत. उठाववाल्यांनाही हे समजत होतं. त्यांनी ठिकठिकाणी खांब उपटले, तारा तोडल्या. कारण त्या नेटवर्कला पर्यायी रस्ते फार नव्हते. एक लिंक गेली की पलीकडचं शहर गेलं. सर, हे घ्या तुमचं सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. या आजारावरचं औषध कागदावर यायला शंभर वर्षं लागली. १९६४ मध्ये अमेरिकेत पॉल बॅरनने मांडलं की केंद्रच नको, प्रत्येक नोड अनेक शेजाऱ्यांना जोडा, संदेशाचे तुकडे करा आणि जो रस्ता मोकळा असेल त्याने ते पाठवा. त्याच विचारातून पॅकेट स्विचिंग आलं आणि १९६९ मध्ये अर्पानेट.

परत चांद्याकडे.

उत्तरेतल्या बातम्या जंगलात पोचल्या तेव्हा बाबूरावांनी माणसं जमवायला सुरुवात केली. जंगोम सेना असं तिचं नाव सांगतात आणि सुरुवातीला पाचशेच्या आसपास तरुण होते असंही. मला या सेनेबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते म्हणजे निरोप कसे जात असतील? तार नाही, टपाल नाही, पावसाळ्यात रस्ता नाही. निरोप माणसाच्या पायांनीच जाणार. या गावातून त्या गावात, आठवडी बाजारात, सोयरिकीत. प्रत्येक गाव चार-पाच गावांना ओळखतं आणि एका गावावर पहारा बसला तर निरोप दुसरीकडून वळसा घालतो. ही तर मेश टोपोलॉजी झाली! लेटन्सी भयंकर, पण तोडायला तारच नाही. माझ्या रूममेटच्या वडिलांना हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले की यात नवीन काय, आमच्याकडे मयतीचा निरोप अजून तसाच जातो.

७ मार्च १८५८ ला बाबूरावांनी राजगड ताब्यात घेतलं. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज पाठवली आणि १३ मार्चला नांदगाव घोसरीजवळ गाठ पडली, त्यात कंपनीच्या फौजेला मागे हटावं लागलं. मग अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव आपली माणसं घेऊन येऊन मिळाले. गोंड, रोहिले मिळून संख्या हजाराच्या वर गेली. गढीसुर्ल्याच्या डोंगरावरून त्यांनी खाली येणाऱ्या फौजेवर दगड लोटले ही गोष्ट तिकडे लहान पोरंही सांगतात, हातवारे करून. एप्रिलमध्ये सगणापूर, बामनपेठ इथे पुन्हा चकमकी झाल्या. लढायांच्या तारखा मी पटापट सांगून टाकते कारण मला ज्या ठिकाणी थांबायचं आहे ते पुढे आहे.

२९ एप्रिल १८५८ ची रात्र, प्राणहितेच्या काठी चिचगुंडी. तारखात्याच्या कामावरची माणसं तिथे तळ टाकून होती. त्यांच्यात तीन साहेब होते, गार्टलँड, हॉल आणि पीटर. बाबूराव आणि व्यंकटराव यांच्या लोकांनी तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर अंधारात निसटला आणि क्रिक्टनकडे पोचला.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा सरळ टाळ्या वाजवल्या. जंगलातला माणूस, ज्याने कदाचित तारयंत्र आतून पाहिलंही नसेल, त्याला बरोब्बर कळलं की सत्तेची नस कुठे आहे. किल्ला नाही, खजिना नाही, लिंक! नंतर रात्री झोपताना मात्र गार्टलँड आणि हॉल डोक्यातून जाईनात. ते शिपाई नव्हते, तारखात्याचे नोकर होते. खांब कुठे रोवायचा, खड्डा किती खोल, नदीवरून तार कशी न्यायची, असल्या चिंता असणारी माणसं. म्हणजे कोण? म्हणजे आपण. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये टेलिकॉमवाल्या कंपनीने मला घेतलं आणि साइटवर पाठवलं तर तंबूत मीच असणार आहे. आपण सगळे इथे बसून असंच समजतो की वायर ही वायर असते, तिला पक्ष नसतो, डेटा काय जातो तो वरच्या लेयरचा प्रश्न. चिचगुंडीच्या काठावर ज्यांच्याकडे ती येत होती त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी ती तार म्हणजे आज कागद आणि उद्या पलटण.

हे मी मेसमध्ये बोलले तर टेबलाचे दोन भाग झाले. एक म्हणाला की गेल्या काही वर्षांत गडचिरोलीत नक्षल्यांनी मोबाइल टॉवर जाळले त्याचंही मग समर्थन करशील का? नाही करणार. माझी रूममेट त्याच जिल्ह्यातली आहे, तिच्या गावाला टॉवर हवा आहे आणि तो का हवा हे मी पुढे सांगते. दुसरा म्हणाला की तेव्हाचे तारवाले परक्या राज्याचे होते, आजचे आपले आहेत. हेही खरं. पण तिसरा, जो कधीच काही बोलत नाही, त्याने विचारलं की तार येताना गावाला कुणी विचारलं होतं का, तेव्हा आणि आत्ताही? यावर सगळ्यांनी वरण मागवलं.

पीटर सुटला याची किंमत बाबूरावांना मोठी पडली. क्रिक्टनच्या लक्षात आलं की जंगलात पलटण पाठवून हा माणूस सापडणार नाही, कारण जंगलातली प्रत्येक वाट त्याची आहे. म्हणून त्याने वाट सोडून नोड पकडला. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. बाबूरावांची जमीनदारी अहेरीच्याच छत्राखालची, दोन्ही घरं एकमेकांना ओळखणारी. इंग्रजांनी तिच्यावर दबाव आणला आणि आमिषही दाखवलं. नेटवर्क सिक्युरिटीच्या पहिल्याच लेक्चरला सांगतात की बाहेरच्या हल्ल्यापेक्षा आतला विश्वासाचा नोड फिरला तर जास्त धोका. मेश असो की काही असो, त्याला उपाय नाही. लक्ष्मीबाईंना शिव्या घालणं सोपं आहे आणि तिकडे लोक घालतातही. पण तोफा असलेल्या सरकारसमोर एक बाई आपली जमीनदारी वाचवायला बघत होती, हेही मला दिसतं. मी तिच्या जागी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

आधी भोपाळपट्टणमकडे रोहिल्यांनी बाबूरावांना धरलं, पण ते त्यांच्यातून सुटले. शेवटी १८ सप्टेंबर १८५८ ला लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना पकडलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. चांद्याला आणून खटला चालवला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिलं. वय पंचवीस वर्षं सात महिने. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले होते, ते १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. बाबूरावांची गावं अहेरीच्या जमीनदारीला जोडली गेली.

पुढे तारांनी सगळा देश विणला. टपाल आणि तार ही दोन खाती १९१४ मध्ये एकत्र झाली, १९८५ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा कायमची बंद पडली. गंमत बघा, त्याआधीच १२ मार्च २००९ ला टपाल खात्याने बाबूरावांचं तिकीट काढलं होतं. ज्या खात्याच्या जुन्या भावंडाचा तळ त्यांनी उधळला त्याच घराने त्यांचं चित्र पाकिटावर लावलं.

आता टॉवर का हवा ते सांगते. गेल्या वर्षी माझी रूममेट पावसाळ्यात घरी गेली आणि नदीला पूर आला. इकडे स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. ओटीपी तिच्या नंबरवर येणार आणि तिचा नंबर आउट ऑफ कव्हरेज. मी इथे हॉस्टेलच्या कॉम्प्युटरसमोर तिचे सगळे कागद स्कॅन करून बसले होते, फक्त सहा आकडे हवे होते. तिकडे ती भावाबरोबर पाच किलोमीटर चालत एका टेकडीवर गेली, जिथे उभं राहिलं की कधीकधी एक काडी येते. ओटीपी आला तो दहा मिनिटांनी मुदत संपलेला. दुसरा मागवला. तिसरा. चौथा तिने ओरडून सांगितला आणि मी टाकला, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. आम्ही दोघी रडलो, ती टेकडीवर आणि मी इथे. तिच्या टेकडीखालून जी वाट जाते त्या वाटेने बाबूरावांची माणसं गेली होती असं तिचे वडील सांगतात.

या वर्षी २१ ऑक्टोबरला आम्ही दोघी जेलच्या तिथे गेलो. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. दूरदूरच्या गावांहून आलेले, पिवळे झेंडे, ढोल, म्हाताऱ्या बाया, कॉलेजची पोरं. गोंडीत भाषणं झाली, मला एक शब्द कळला नाही, ती कानात सांगत होती. रेंज फुल्ल, पाचही काड्या. तिने पिंपळाचा फोटो काढला आणि घरच्या नंबरवर पाठवला. एक टिक आली.

संध्याकाळी बघितलं तर एकच टिक. मेसमध्ये जेवताना एकच टिक. मी तिला समजावलं की काळजी नको, मेसेज सर्व्हरवर थांबलेला आहे, नोड वर आला की पुढे ढकलला जाईल, स्टोअर अँड फॉरवर्ड. ती म्हणाली की तिला माहीत आहे, पेपरला तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते. दुसरी टिक तिसऱ्या दिवशी दुपारी आली. तिचे वडील बाजाराला अहेरीत आले होते.